मूकपटात ऐकणारा माणूस

हेम्या,

अजून तुझा तेरावाही झालेला नाही आणि मी बोलायला बसलोसुद्धा, म्हणून हसू नकोस. अस्मिता रोज संध्याकाळी तुझ्या फोटोशी बोलते. त्या दिवशी क्रिमेटोरियमच्या बाहेर मी काय केलं, हे ती तुला तिच्या पद्धतीनं सांगून मोकळी होईल. तुझ्या बायकोची पद्धत तुला ठाऊकच आहे. शेवट आधी, सुरुवात नंतर, आणि मधली सगळी गंमत गाळून. तेव्हा तिच्या आधी मीच सांगतो. तिसरी घंटा झाली असं समज, आणि खुर्ची पुढे ओढून बस.

पण आधी तुझ्या त्या माणसाबद्दल बोलावं लागेल. त्याच्याशिवाय ही गोष्ट उभीच राहत नाही.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये इथे हॉलंडात तू आर्नहेमला, मी ब्रेडाला. तू जेवणाच्या टेबलावर बसून अर्ध्या प्रांताची वीज चालू ठेवत होतास आणि मी रोज सकाळी माझ्या टीमला "ऑल गुड?" एवढंच विचारण्याचा पगार घेत होतो. गणपतीतलं आपल्या मंडळाचं नाटक रद्द झालं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाला रंग लागणार नव्हता. मी तुला फोन करून यथेच्छ रडलो. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "शनिवारी दुपारी मोकळा राहा, पद्या. तुला काही माणसं दाखवायचीत."

मला वाटलं, कुणाकुणाला जमवून गप्पांचा अड्डा टाकला असशील. लॅपटॉप उघडून बघतो तर समोर काळापांढरा रशिया! क्रांतीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतले मूकपट. चिखल, घोडे, कारखान्यांची धुराडी, आणि मोठ्ठाले चेहरे.

"हेम्या, जग मरायला टेकलंय आणि तू मला संपाचे सिनेमे दाखवतोस?"

"सिनेमा बघायचा नाहीये," तू म्हणालास. "घरात स्टिकी नोट आहे? पिवळी?"

"आहे. का?"

"ती हिरोच्या तोंडावर लाव. तो हलला की चिठ्ठी हलव. त्याच्याकडे बघायचं नाही. बाकीच्यांकडे बघायचं."

मंडळाच्या प्रत्येक नाटकात हिरो करणाऱ्या माणसाला तू हे सांगत होतास! मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा सिनेमाचा वर्ग नाही, माझी शिकवणी आहे. पण मी बसलो. शनिवारी दुपारी ब्रेडात दुसरं होतं काय? सुपरमार्केटच्या रांगेत दीड मीटर अंतर ठेवून उभं राहणं. त्यापेक्षा रशियन चिखल बरा.

तर आपण दोघं, मध्यमवयीन, टक्कल पडत चाललेले, पडद्यावर चिठ्ठ्या सरकवत बसायचो. "उजवीकडे गेला, उजवीकडे! अरे, दिसतंय त्याचं नाक!" असं तू ओरडायचास. एकदा तुझी लेक रेवा पाण्याचा ग्लास घ्यायला आली आणि आपल्याकडे बघून डचमध्ये काहीतरी म्हणाली. मी विचारलं, "काय म्हणाली?" तू म्हणालास, "विचारतेय, डॉक्टरला फोन करू का."

चिठ्ठीच्या आजूबाजूला मात्र खरंच माणसं होती. मला ती आजवर कधी दिसलीच नव्हती. टोपलीवाली म्हातारी. एकदा पाद्री, एकदा भांडवलदार आणि एकदा नुसताच जेवणारा असा तो ढेरपोट्या. तू सांगायचास की त्यांतल्या कितीतरी जणांची नावं पाट्यांवर आलीच नाहीत. त्या काळचे दिग्दर्शक चेहरा बघून बाजारातून, गोदीतून माणसं उचलायचे. काही जण मात्र शिकलेले नट होते. कच्च्या फिल्मचा एवढा तुटवडा, की कॅमेऱ्यात फिल्म नसतानाच तालमी करून तयार झालेले. पुढे काळ फिरला, काहींची नावं राहिली, काहींची मुद्दाम खोडली गेली, बाकीची नुसतीच सांडली. "आणि चेहरे बघ," तू म्हणायचास, "चेहरे तसेच. हे लोक अजून कामावर आहेत, पद्या. शंभर वर्षं झाली, कुणी त्यांना घरी जा म्हणालेलं नाही."

आणि मग आला तो. आपला कानसेन.

पहिल्यांदा दिसला तो कारखान्याच्या फाटकाशी. पिंपावर चढून हिरो भाषण ठोकतोय, गर्दीनं आ वासलाय, आणि अगदी मागे भिंतीला टेकून हा बाबा स्वतःच्या कोटाला बटण लावतोय. सुई आत, सुई बाहेर. कुणी सांगितलं नसणार त्याला. काम नव्हतं म्हणून त्यानं काम शोधलं. आणि मधेच त्याची सुई थांबते. मान एवढीशी तिरकी होते. बस.

तू तिथे सिनेमा थांबवलास. "बघ. बाकीचे सगळे हिरोकडे बघतायत. हा एकटा ऐकतोय."

"अरे, मूकपट आहे हा! आवाजच नाही, तर ऐकणार काय?"

"म्हणून तर," तू म्हणालास, आणि असा खूश झालास की जणू त्याचा मामेभाऊच होतास.

दुसऱ्यांदा तो नावेवर सापडला. नदी, धुकं, एका बाईला तिच्या मुलाची बातमी कळते आणि ती खाली बसते. मागे एक मिशीवाला नावाडी दोर गुंडाळतोय. दोर थांबतो. मान तिरकी. तू खुर्चीतून उठून नाचलास. "तोच! तोच तो!"

मी म्हटलं, "हट्! त्याला मिशी नव्हती. याचे खांदे बघ, पैलवान आहे. तो शिंप्यासारखा होता."

"मिशी लावता येते, गाढवा. तू नाही का लावत?"

"आणि कान? त्याचे कान बाहेर होते. याचे चपटे."

"टोपी आहे त्याच्या डोक्यावर!"

तेव्हापासून ते भांडण सुरू झालं आणि ते वर्षभर टिकलं, हेम्या. देशोदेशीचे पंतप्रधान एवढे टिकले नसतील. तू त्याला आणखी सिनेमांत शोधलंस. एकदा पहारेकरी, एकदा न्यायालयातला दारवान, एकदा दवाखान्यातला, पाठमोरा. पाठमोरा! पाठमोऱ्या माणसाच्या मानेवरून तू सांगायचास की हा तोच. मी म्हणायचो, तुला साऱ्या रशियात एकच माणूस दिसायला लागलाय, अस्मिताला सांगून तुझे डोळे तपासून घे. तू म्हणायचास, "मान्य कर. एकच माणूस आहे." मी म्हणायचो, "मेलो तरी करणार नाही." असली वाक्यं आपण किती सहज बोलायचो, नाही?

खरं सांगायचं तर मला ठाऊक होतं तू कुणाला शोधतोयस. मंडळात तू कायम दुसरा हवालदार, तिसरा पाहुणा, नाहीतर घरगडी. मोठं काम दिलं की पळायचास. त्या एका वर्षी मी बापाच्या मृत्यूवरचं स्वगत केलं आणि लोक हमसून रडले. मी विंगेत येऊन तुला मिठी मारली, म्हटलं, आज रंगभूमी हादरली. मग व्हिडिओ बघितला. प्रेक्षकांतली अर्धीअधिक तोंडं माझ्याकडे नव्हतीच. मागे कोपऱ्यात हातात चहाचा ट्रे घेऊन तू उभा होतास. एका शब्दाचं काम नाही. नुसता उभा.

"काय केलंस रे तू?" मी विचारलं होतं.

"काही नाही. ऐकत होतो."

"महिनाभर तालमीत ऐकलंयस की ते."

"आज पहिल्यांदा ऐकलं," तू म्हणालास आणि कपबशा आवरायला गेलास.

मी तुला तेव्हा चोर म्हणालो होतो. टाळ्यांचा चोर. अजूनही म्हणतो.

मग आला तो जानेवारी. संध्याकाळची संचारबंदी नुकतीच लागली होती. तुझा ताप, मग खोकला, मग हाउसआर्ट्सचा, तुमच्या फॅमिली डॉक्टरचा, फोन, मग तुझ्या बोटाला लावलेलं ते यंत्र आणि त्यावरचा उतरत जाणारा आकडा. अस्मिता मला तो आकडा मेसेजवर कळवायची, दुसरं काही नाही. एकदा आकडाच आला नाही. त्याऐवजी आलं, "नेलं."

आणि दोन दिवसांनी दुपारी तुझा कॉल. टॅब्लेट एका नर्सनं धरलेला, तू ऑक्सिजनच्या मास्कमध्ये. एक श्वास, एक शब्द असं तुझं बोलणं. मी भडाभडा बोलायला लागलो. ऑफिसचं, बर्फाचं, मंडळाच्या अध्यक्षांनी ऑनलाइन सत्यनारायण घालताना स्वतःला म्यूट ठेवून अख्खी कथा वाचली त्याचं. तू ऐकत होतास. मान तिरकी. मग बोट वर केलंस.

"भाषण... छोटं कर."

"कुठलं भाषण?"

"माझं. माझ्या... वेळचं."

मी नर्सकडे बघितलं. तिला मराठी येत नव्हतं हे किती बरं झालं. म्हटलं, "गाढवा, घरी ये. मग तुझ्यासमोर तालीम करतो."

"नको. तू... मागे उभा राहा. एकदा."

"तुझ्या कार्यक्रमात मी मागे? मग पुढे कोण?"

तू मास्कच्या आत हसलास. वाफ आली. आणि मग, जसा काही तुझा सारा जीव तेवढ्यासाठीच शिल्लक होता, म्हणालास, "एकच... माणूस आहे. मान्य कर."

"नाही करणार," मी म्हटलं. "घरी येऊन सिद्ध कर."

माझा हिशोब साधा होता. भांडण अर्धवट असलं की माणूस ते पुरं करायला येतो. आपल्याकडे उंबऱ्यावरून निघालेल्याला "जातो" म्हणू देत नाहीत, "येतो" म्हणायला लावतात. माझं "नाही करणार" म्हणजे तेच होतं. तुला ते कळलं होतं असं मी धरून चाललोय. तू अंगठा वर केलास, नर्सनं टॅब्लेट फिरवला आणि मला छताचा एक चौकोन दिसला. तो तसाच बराच वेळ दिसत राहिला. कॉल बंद करायचं धाडस होईना.

पुढचं मी बोलत नाही. ते अस्मिताचं आहे.

आता प्रयोगाकडे येऊ.

तुझ्या दहनाच्या आदल्या दिवशी मला खोकला झाला. असा तसा नाही, कोरडा, बातम्यांतला. मी टेस्ट दिली. रिझल्ट दुसऱ्या दिवशी कधीतरी येणार होता. नियम स्पष्ट होता की रिझल्ट येईपर्यंत घरात बसायचं. आत मोजक्याच लोकांना परवानगी होती आणि त्यांत अस्मितानं माझं नाव घातलं होतं. मराठीत भाषण करणारा एकटा मीच. सख्ख्या नातेवाइकांना पुण्याहून विमान नाही, मंडळातल्या निम्म्या लोकांना आत जागा नाही, आणि ज्याला जागा आहे तो खोकतोय!

मी अस्मिताला फोन केला. ती म्हणाली, "पद्माकर, आत येऊ नकोस हं. रिझल्ट येईपर्यंत नको. मला रेवाची भीती वाटते. मला आता सगळ्याचीच भीती वाटते."

"मी गाडीत बसतो," मी म्हटलं. "पार्किंगमध्ये. कुणाच्या वाऱ्याला उभा राहणार नाही. रिझल्ट आला की आत येतो."

"आणि नाही आला तर?"

"येईल. तू मला शेवटी ठेव."

आणि बर्फ! इतक्या वर्षांत या देशात असा बर्फ पडला नव्हता. आगगाड्या बंद, सायकली बर्फात रुतलेल्या, हायवेवर एकच काळी रेघ, आणि मी त्या रेघेवरून खोकत खोकत चाललेला. शेजारच्या सीटवर भाषण. आठ पानं, हेम्या. छोटंच केलं होतं. आधी चौदा होती. त्यात तुझा चहाचा ट्रे होता, कानसेन होता, दोन ठिकाणी हशा, एका ठिकाणी हमखास हुंदका. तुझ्या शपथेवर सांगतो, मंडळाच्या इतिहासात असं भाषण झालं नव्हतं. ते पोटात घेऊन मी निघालो होतो आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. आत गेलो तर तू म्हणालास त्याच्या उलट होईल, नाही गेलो तर तुला निरोप द्यायला मराठीत बोलणारं कुणीच नाही.

पार्किंगमध्ये थांबलो. फोन मांडीवर. काळी गाडी आली. तू आलास. दोन माणसांनी तुला उतरवलं, बर्फामुळे पावलं जपून टाकत. मी गाडीत बसल्या बसल्या उठून उभं राहायचा प्रयत्न केला आणि डोकं आपटलं. हसू नकोस.

अस्मिता आणि रेवा उतरल्या. रेवानं माझ्याकडे बघून हात केला. मी काचेआडून हात केला. आत गेल्या. दार बंद. फोन गप्प.

त्या इमारतीची मागची अख्खी भिंत काचेची आहे. बागेकडे तोंड असलेली. गाडीत बसवेना म्हणून मी मास्क लावून, टोपी कानांवर ओढून तिकडे गेलो. लांबूनच दिसलं: मधोमध तू, फुलांखाली. या बाजूला दोघी, एकमेकींना चिकटून. बाकीचे सुटे सुटे, मधे रिकाम्या खुर्च्या. एक डच सहकारी काहीतरी बोलत होता. ओठ हलत होते. आवाज शून्य. मी मूकपट बघत होतो, हेम्या.

फोन बघितला. काही नाही.

काचेपासून बागेकडे जाणारी एक पायवाट होती. शेवटी घरच्यांना त्याच वाटेनं बाहेर काढतात. तिथे घोट्याएवढा बर्फ. तिथल्या माणसानं अर्धी वाट साफ केली होती आणि खराटा भिंतीला टेकवून तो दुसरीकडे मीठ टाकायला गेला होता. मला अस्मिताच्या चपला आठवल्या. कार्याला म्हणून तिनं त्या सपाट तळव्याच्या घातल्या होत्या, आणि अशा वेळी कोण बूट शोधतं? मी खराटा उचलला. दुसरं काय करणार होतो? उभं राहून नुसतं बघणं मला जमत नाही, तुला माहीत आहे. हाताला काम नसलं की मी बोलायला लागतो, आणि बोलायला तिथे कुणी नव्हतं.

झाडत गेलो. खर्र, खर्र. दर दोन फटक्यांनी खिशाला हात लावायचो. खाली घासून, मग वर बघायचो. सहकारी बसला. आता मी. आता माझी एन्ट्री, आणि मी बाहेर खराटा घेऊन!

तेवढ्यात खिशात थरथर झाली.

निगेटिव्ह.

मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. खराटा टाकला, आठ पानं काढली, मास्क नीट केला आणि दाराकडे निघालो. काचेपाशी आलो आणि बघतो तर रेवा उठलेली. तिच्या हातात काही नाही. ती तुझ्याकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे माझ्याकडेही. आणि बोलायला लागली.

आता सांग, मी काय करायला हवं होतं? दार त्या बाजूला. उघडलं की थंडीचा झोत आत, सगळ्यांच्या माना इकडे, आणि मी तिथे, धाप लागलेला, बर्फ झटकत. काय एन्ट्री झाली असती! आयुष्यभर अशी एन्ट्री मिळावी म्हणून मी नवस बोललोय. दाराच्या मुठीवर माझा हात होता, हेम्या. खोटं नाही सांगत. ती मूठ किती गार होती ते अजून तळव्याला आठवतंय.

मी हात काढला.

मागे गेलो, खराटा उचलला आणि राहिलेली वाट झाडायला लागलो. हळू, आवाज होऊ नये म्हणून. मग तेही जमेना. थांबलो. ती काय बोलतेय ते कळत नव्हतं. डच असेल, मी धरलं, ती कायम डचमध्येच उत्तर देते. मधे एकदा ओठ मिटून उघडले, पुन्हा मिटून उघडले. बाबा. तेवढं कळलं. बाकीचं मी नुसतं ऐकलं.

तिचं झालं. अस्मितानं काचेतून माझ्याकडे बघितलं. मी अंगठा वर केला, म्हणजे रिझल्ट चांगला. तिनं हातानं खूण केली, ये. मी मान हलवली. तिनं पुन्हा केली, डोळे मोठे करून, तू तिला घाबरायचास तसे. मी खराटा उंचावून दाखवला. काम आहे, म्हटलं. हेम्या, त्या मुलीनंतर पडदा पडायला हवा होता. नाटकातलं मला फारसं काही येत नसेल, पण एवढं येतं.

मग त्या वाटेनं सगळे बाहेर आले. मी बाजूला, झुडपापाशी. कुणी घसरलं नाही. अस्मिता माझ्यापासून दीड मीटरवर थांबली.

"आत का नाही आलास?" तिचा आवाज रागानं कापत होता. "तुझी एवढी वाट बघितली. आम्हाला वाटलं, पॉझिटिव्ह आला. किती घाबरले मी!"

"निगेटिव्ह आहे."

"मग? भाषण?"

मी तोंड उघडलं. काही आलंच नाही. माझ्या तोंडातून! तिला ते दिसलं. राग गेला तिचा, एकदम, आणि ती रडायला लागली, आणि मी तिला जवळ घेऊ शकलो नाही. मधलं ते अंतर होतंच ना. आम्ही दोघं आपापल्या जागी उभं राहून रडलो.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पुण्याहून माई. तुझी आई अख्खा कार्यक्रम टॅबवर बघत होती, शेजारपाजार जमवून. अस्मितानं स्पीकर लावला.

"झालं नीट?" माईंचा आवाज कोरडा, खणखणीत. रडून झालेल्या माणसाचा.

"झालं, माई."

"रेवाला म्हणावं, शहाणी गं माझी बाय. सगळं कळलं. आणि अस्मिता, तो मागे काचेपलीकडे बर्फ झाडणारा माणूस होता ना?"

अस्मितानं माझ्याकडे बघितलं.

"बिचारा एवढ्या थंडीत राबत होता. आणि आपली पोरगी बोलायला लागली तर हातातलं काम टाकून उभा राहिला. परका असून. त्याला कुणी चहा दिलात का?"

हेम्या, दर गणपतीला ज्या बाईनं माझे फोटो बघून "हा आपला पद्माकर, किती रुबाबदार दिसतो" म्हणावं, तिनं मला ओळखलं नाही! मला माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला अभिप्राय मिळाला आणि तो माझ्या नावावर नाही. मी "माई, मीच तो" म्हणायला तोंड उघडलं आणि अस्मितानं ओठांवर बोट ठेवलं. तिला कानसेन ठाऊक आहे. वर्षभर भिंतीपलीकडून आपली भांडणं तिनंच ऐकली.

"देते, माई," ती म्हणाली.

दहनानंतरचा इथला कॉफी आणि केकचा कार्यक्रम त्या दिवसांत बंदच होता. तिच्या पिशवीत थर्मास होता, तुझाच, निळा. तिनं झाकणात चहा ओतला, माझ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरली.

"घ्या," ती म्हणाली. "झाडूवाले."

आलं जास्त झालं होतं. बोललो नाही.

काल शनिवार होता. दुपारी सवयीनं लॅपटॉप उघडला. रेवानं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, ते लावलं. तिचं बोलणं ऐकलं. मराठीत होतं, हेम्या. अडखळत, क्रियापदं उलटीसुलटी. "मी डचमध्ये बोलायचे आणि बाबा मराठीत ऐकायचे," ती म्हणाली. "आज मी मराठीत बोलते. बाबा, चुकलं तर हसू नका." तू हसला असतास. मग उठून तिच्यासाठी काहीतरी खायला आणलं असतंस.

आणि मागे, काचेपलीकडे, एक माणूस झाडत होता. ठेंगणा, रुंद, टोपी कानांवर, मास्क हनुवटीशी आलेला. मला वाटलं, हा तिथला कामगार असेल. मग त्याचा खराटा थांबला, मान एवढीशी तिरकी झाली, आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण मी त्याला ओळखत होतो. तो मीच होतो हे कळायला त्यानंतरही थोडा वेळ लागला. खांदे माझे नव्हते. उंची माझी नव्हती. कान तर मुळीच माझे नव्हते. आरशात रोज बघणाऱ्याला स्वतःचा माणूस ओळखू येत नाही, आणि मी तुला नावाड्याच्या मिशीवरून शिकवत होतो!

तेव्हा घे. एकच माणूस आहे. फाटकाशीही तोच, नावेवरही तोच, तो पाठमोराही तोच. मान्य. घरी येऊन सिद्ध कर म्हणालो होतो, तर तू माझ्याच घरी, माझ्याच लॅपटॉपवर, मलाच उभं करून सिद्ध केलंस. टाळ्यांचा चोर तो चोरच.

एक सांगायचं राहिलं. रेकॉर्डिंग सुरू करताना मी हातात पिवळी चिठ्ठी घेतली होती. शनिवारची सवय. हिरोच्या तोंडावर लावायची, असा तुझा नियम. चिठ्ठी घेऊन पडद्याजवळ गेलो आणि बघतो तर मधोमध, फुलांखाली, सगळे दिवे ज्याच्यावर आहेत तो तू. आयुष्यात पहिल्यांदा.

चिठ्ठी लावली नाही, हेम्या. बघत बसलो.